उरलेले शंभर ग्रॅम

३ मार्च

तीर्थरूप धाकटे काका,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटलं नसेल तर सांगते, मी तुमची पुतणी. जिला तुम्ही खारूताई म्हणायचात, तीच. चौदा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय ती काम पडलं म्हणून. एवढा स्वार्थ पुतणीला माफ असतो असं धरून चालते.

आधी घरची खबर. बाबांना जानेवारीत झटका आला. घाबरू नका, जिवावरचं टळलं. पाय सुधारला, बोलणं तर एक दिवसही बंद पडलं नाही, पण उजवा हात अजून ऐकत नाही. तो हात कसला होता ते तुम्हाला मी काय सांगणार? ढिगातून गहू उचलायचा, पिशवीत सोडायचा, पिशवी काट्यावर ठेवली की बरोबर किलो. गिऱ्हाईकं स्वतःचं काम झालं तरी बघत उभी राहायची.

आता दुकानामागच्या खोलीत मी आणि तिघी बायका धान्य निवडतो, भरतो. मोठ्या इस्पितळातून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला किलोभर गहू देतात. आठवड्याला चारशे पिशव्या. ते काम आम्हाला मिळू शकतं. अट एकच, कुठलीही पिशवी दहा ग्रॅमच्या वर कमी नको आणि जास्तही नको. दोन मेला त्यांचे भांडारप्रमुख स्वतः येऊन तपासणार. हाताने भरून आमचे वजनाचे आकडे नाचतात, आणि तिघींची मनगटं सुजलीत ती वेगळीच. हे काम गेलं तर या खोलीला कुलूप लावायचं, दुसरा मार्ग मला दिसत नाही.

म्हणून मी यंत्र केलंय. हसू नका. वर पत्र्याची पेटी, पेटीखाली नरसाळं, नरसाळ्याच्या तोंडाला सरकती झडप. झडपेला सायकलच्या ब्रेकची वायर आणि वायरचं दुसरं टोक पायाखालच्या फळीला. फळी दाबली की उघडतं, सोडली की बंद. म्हणजे व्हायला पाहिजे. प्रत्यक्षात एकतर गहू तोंडाशीच अडून बसतो, हलवला तरी हलत नाही. नाहीतर एकदम असा सुटतो की पिशवी भरून माझ्या चपला भरतात. त्याला आवरायचं कसं?

इथे सगळ्यांचं म्हणणं पडलं की हे तुम्हालाच विचारावं. आयुष्यभर कारखान्यात फिटर होतात, तुम्हाला नाही कळणार तर कोणाला?

तुमची,
खारूताई


११ मार्च

चि. खारूताई,

पत्र दोनदा वाचलं. सून म्हणाली, डोळ्यांना ताण देऊ नका. मी म्हटलं, दादाचं पत्र आहे, वाचणारच. अक्षर तुझं असेल, पण 'सगळ्यांचं म्हणणं' म्हणजे कोणाचं ते मला बरोबर कळतं. त्याला सरळ विचारता येत नाही. लहानपणी पाणी हवं असलं तरी म्हणायचा, "आज फार उकडतंय." चौदा वर्षांनी का होईना, दादाला माझी आठवण झाली. झटक्याचं वाचून हातातला चहा तसाच गार झाला. त्याला सांग, रोज न चुकता व्यायाम कर. चेंडू दाबायला दे.

आता यंत्र. तू झडपेचं भोक किती ठेवलंस ते लिहिलं नाहीस. वीस मिलिमीटर असेल. तिथे दाणे एकमेकांना खांदा देऊन कमान बांधतात आणि वरचा सगळा भार त्या कमानीवर बसतो. भोक दाण्याच्या लांबीच्या निदान सहापट पाहिजे. गव्हाला पस्तीस ठेव. नरसाळ्याचा उतार तीव्र कर आणि आतली वेल्डिंगची रेघ कानशीने साफ घास, बोटाला लागता कामा नये.

धबधब्यासारखं सुटतं, त्याला कारण दाब. टाकीत पाणी जितकं उंच तितका नळाला जोर, तसंच हे. पेटी अर्धीच भर.

तुला आठवत असेल, मीही दादासाठी असंच यंत्र केलं होतं. गिऱ्हाईकांनी भरलेल्या दुकानात ते आधी अडलं, मग सुटलं, आणि अर्धं पोतं जमिनीवर. त्यावर सगळ्यांसमोर दादा काय म्हणाला? "तुझी यंत्रं कारखान्यात ठेव, इथे माणसं काम करतात." तीस वर्षं हातात कानस धरलेल्या माणसाला हे बोलायचं? दुसऱ्या दिवशी मी निघालो. पण जाऊ दे. त्याने विचारलं, माझ्या मनातलं किल्मिष गेलं.

त्याला म्हणावं, काम होईल.

तुझा,
धाकटा काका


२२ मार्च

तीर्थरूप काका,

भोक पस्तीस केलं, आतली रेघ घासली, आणि गहू अडायचा थांबला! तिघी बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या शिलाईवाल्या मावशी, ज्या भरलेल्या पिशव्यांची तोंडं शिवतात, त्यांनी तर तुमच्या नावाने यंत्राला हात जोडले.

पण काका, रागावणार नसाल तर एक सांगते. पेटी अर्धी भरून काही फरक पडला नाही. मी घड्याळ लावून बघितलं. पेटी काठोकाठ भरली तर किलोला पाच सेकंद. अर्धी भरली, पाच सेकंद. तळाशी वीतभर उरला तेव्हाही पाचच. वीस वेळा मोजलं. धान्य पाण्यासारखं वागत नाही. वर कितीही ढीग असो, ते आपल्याच चालीने येतं.

म्हणजे वेगाची भीती गेली. आता खोड एकच. काट्यावर किलो दिसला की मी पाय उचलते, झडप बंद होते, पण झडप आणि पिशवी यांच्या मधल्या हवेत जो गहू असतो तो पडायचा तो पडतोच. कधी तीस ग्रॅम जास्त, कधी पन्नास. अंदाजाने आधी पाय उचलला तर वीस कमी.

आणि आता कबुली. 'सगळ्यांचं म्हणणं' यात मी होते आणि तिघी बायका होत्या. बाबा नव्हते. त्यांना यंत्राचा पत्ताच नाही. ते सकाळी हाताच्या व्यायामाला जातात तेवढ्या तीन तासांत आम्ही ते चालवतो आणि मग ताडपत्रीखाली झाकतो. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या हाताच्या जागी पत्र्याची पेटी ठेवायचा मला धीर होत नाही. तुमचा गैरसमज होतोय हे तुमच्या पत्राच्या पहिल्याच ओळीत कळलं. तसाच राहू द्यावा असंही एक दिवस वाटलं. पण तुम्ही चहा गार होऊ दिलात हे वाचल्यावर खोटं पचेना.

रागवा, पण उत्तर द्या. दोन मे जवळ येतोय.

खारूताई


१३ एप्रिल

चि. खारूताई,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही त्याचं कारण, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचन-लेखन बंद केलं होतं. रुसलो नव्हतो. म्हणजे रुसलोही होतो. पहिला आठवडा रुसव्याचा, पुढचे दोन डोळ्याचे.

डोळ्याला पट्टी असताना करण्यासारखं काही नसतं. एका सकाळी पुठ्ठ्याचं नरसाळं केलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर गहू ओतत बसलो आणि सुनेला घड्याळ धरायला लावलं. तू म्हणतेस तसंच आहे. ढीग मोठा असो की छोटा, चाल तीच. घरभर गहू झाला, सून अजून कोचाच्या फटींतून वेचतेय, पण माझी खात्री पटली. तीस वर्षं पाण्याचे आणि तेलाचे नळ बसवले, म्हणून धान्यही तसंच असणार असं मी धरून चाललो होतो. तू मोजून बघितलंस. शाबास! हे मी सहसा कोणाला म्हणत नाही, विचार आमच्या कारखान्यात.

तू कबुली दिलीस तर मीही देतो. त्या दिवशी दुकानात दादा ते वाक्य बोलला, पण ते दुसरं वाक्य होतं. पहिलं माझं होतं. यंत्र उभं करताना तो दोनदा सांगत होता, "अरे, हे पाणी नाही, याची तऱ्हा वेगळी आहे." मी चारचौघांत त्याला म्हणालो, "तू अडाणी आहेस, तुला यातलं काय कळतं?" त्यानंतर अर्धं पोतं सांडलं. ही गोष्ट मी आजवर सगळ्यांना अर्धीच सांगत आलो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. ते दादाकडे आहे. तो किलोवर बरोबर थांबायचा तो नुसत्या अंदाजाने नाही. शेवटच्या मुठीला त्याचा हात काहीतरी वेगळं करायचा. मी शेजारी उभा राहून रोज बघायचो आणि कधी नीट बघितलं नाही. तो काय करायचा, ते त्याला विचार. ताडपत्री काढ आणि विचार.

धाकटा काका


१९ एप्रिल

तीर्थरूप काका,

ताडपत्री मला काढावी लागली नाही.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबा तासभर आधी परतले. आम्ही कशीबशी ताडपत्री ओढली आणि शिलाईवाल्या मावशी तिच्यासमोर पदर पसरून उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?" बाबा म्हणाले.

"जुनं कपाट," मावशी म्हणाल्या.

"कपाटाला ब्रेक कधीपासून लागायला लागले?"

वायर बाहेर राहिली होती. बाबांनी डाव्या हाताने ताडपत्री खेचली. बराच वेळ यंत्राभोवती फिरले. नरसाळ्याच्या आत बोट फिरवलं. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "चालव."

मी चालवलं. पिशवी भरली एक हजार अडतीस.

"झडप कधी बंद करतेस?"

"किलो झाला की."

"म्हणजे किलो पिशवीत आणि वर मूठभर हवेत. ते हवेतलं कोण मोजणार?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही शेवटच्या मुठीला काय करायचात?"

"काय करायचो? काही नाही. भरायचो."

काका, त्यांना खरंच सांगता येईना. डाव्या हाताने गहू उचलून बघितला, सांडला. पुन्हा उचलला. आणि मग त्यांचा उजवा हात, जो चमचासुद्धा धरत नाही, तो टेबलावरून जरासा वर आला. त्यात गहू नव्हता, काहीच नव्हतं. पण बोटं थोडी उघडली आणि अंगठा हळूहळू त्यांच्यावर सरकला. बाबा स्वतःच त्या हाताकडे बघत राहिले. आम्ही चौघी कामात असल्यासारख्या इकडेतिकडे बघायला लागलो.

"आत्ता कळलं," ते म्हणाले. "आधी पसे भरून ओतायचं, तिथे विचार करायचा नाही. उरलेलं शंभरेक ग्रॅम मात्र बोटांच्या फटीतून सोडायचं, बारीक धारेनं. काटा हलला की अंगठा बंद. बारीक धारेत हवेत असून असून किती असणार?"

मग दोन दिवस आम्ही दोघं खपलो. आता झडपा दोन आहेत, एक मोठी आणि तिच्या पोटात एक छोटी. पिशवी एका दांडीच्या टोकाला लटकते, दुसऱ्या टोकाला नऊशे ग्रॅमचं वजन. नऊशे झाले की दांडी झुकते आणि वायर ओढून मोठी झडप मिटते. मग दांडी एका स्प्रिंगवर टेकते. छोट्या झडपेतून बारीक धार चालू राहते, आणि शंभर ग्रॅमनी स्प्रिंग पूर्ण दबली की तीही बंद. पायाची फळी गेली. पाय उचलायची घाई गेली.

तुमचं नाव मी घेतलं नव्हतं. बाबांनीच विचारलं, "ही पस्तीस मिलिमीटरची अक्कल कोणाची?" मी सांगितलं. तुमचं शेवटचं पत्र पुढे ठेवलं. ते वाचून दुपारभर गहू निवडत बसले. संध्याकाळी उठताना म्हणाले, "त्याला विचार, स्प्रिंग कसली घालायची. ही तुझी बाजारातली स्प्रिंग सकाळी एक बोलते आणि दुपारी दुसरं."

तर काका, या वेळी खरंच बाबांनी विचारलंय.

खारूताई


२४ एप्रिल

चि. खारूताई,

सोबत डबीत तीन स्प्रिंगा आहेत. जुन्या कारखान्यातल्या मित्राच्या लेथवर जाऊन स्वतः वळल्या. एक डोळा अजून धूसर आहे, पण तार बोटांना कळते. हिरवा दोरा बांधलेली आधी लाव. शंभर ग्रॅमला बरोबर बारा मिलिमीटर दबते, दोनशे वेळा दाबून बघितली. बाकीच्या दोन राखीव.

दांडीच्या खाली एक स्क्रू ठेव. हवेतल्या दाण्यांचे जे सात-आठ ग्रॅम असतील तेवढी छोटी झडप त्याने आधी बंद करता येईल.

दादाला सांग, मेहनत घेतलीय. नाही, तसं नको. नुसती स्प्रिंग दे.

धाकटा काका


३ मे

तीर्थरूप काका,

झालं! काम मिळालं! आता सविस्तर.

हिरव्या दोऱ्याची स्प्रिंग बसवल्यापासून एकही पिशवी पाच ग्रॅमच्या बाहेर गेली नव्हती. आम्ही निर्धास्त होतो. काल सकाळी भांडारप्रमुख आले. सोबत स्वतःचा काटा, चेहऱ्यावर हसू नाही. म्हणाले, "माझ्यासमोर वीस पिशव्या भरा."

पहिल्या सहा छान उतरल्या. सातवीला मोठी झडप मिटली, बारीक धार सुरू झाली, आणि थांबली. छोट्या झडपेत दाणे अडले. दांडी अधांतरी. मी पेटीवर टिचकी मारली, धार सुटली. आठव्या पिशवीला पुन्हा तेच. इतके दिवस एकदाही न अडलेलं यंत्र त्याच घटकेला अडावं? भांडारप्रमुखांनी वहीत काहीतरी लिहिलं.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, त्यांनाही बघवत नाहीये. तर ते एकदम म्हणाले, "आवाज कुठे गेला?"

"कसला आवाज?"

"शिलाईचा. मावशी, तुम्ही शिवत का नाही?"

शिलाईवाल्या मावशींचं मशीन यंत्राच्याच टेबलावर आहे. इतके दिवस त्या एकीकडे शिवत होत्या आणि टेबल थरथरत होतं. त्या थरथरीने छोट्या झडपेतले दाणे हलते राहायचे. काल मावशी साहेबांकडे बघत हात जोडून उभ्या राहिल्या, टेबल गप्प झालं आणि धारही.

"शिवा!" बाबा ओरडले. "काहीही शिवा!"

मावशी बसल्या आणि रिकामी पिशवी चारही बाजूंनी शिवून टाकली. धार जी सुरू झाली ती विसाव्या पिशवीपर्यंत अडली नाही.

भांडारप्रमुखांनी सगळ्या तोलल्या. एकोणीस पिशव्या सहा ग्रॅमच्या आत. सातवी, मी टिचकी मारलेली, चौदा जास्त. ते म्हणाले, "जास्तच आहे, बाळंतिणीचा फायदा. मी धरतो."

बाबा उठले. डाव्या हाताने ती पिशवी उचलून त्यांनी बाजूला ठेवली. "जास्त असली तरी चुकलेलीच आहे. ती मोजू नका. दुसरी भरून देतो." आणि दिली. दोन ग्रॅम कमी.

मग भांडारप्रमुख पहिल्यांदा हसले. यंत्राभोवती फिरले, खाली वाकून दांडी बघितली आणि विचारलं, "कुठल्या कंपनीचं आहे?"

बाबा ताठ उभे होते. झटक्यानंतर इतके ताठ मी त्यांना बघितलं नव्हतं. म्हणाले, "घरचं आहे. माझ्या मुलीने केलंय. हिने मोजून बघितलं तेव्हा जमलं. आणि ही स्प्रिंग बाजारात मिळत नाही, माझ्या भावाने हाताने वळलीय. मोठा कारागीर आहे तो."

काका, ते मला तोंडावर कधी असं म्हणाले नाहीत. तुम्हालाही म्हणाले नसतील. म्हणून जसंच्या तसं लिहिलंय, माझ्याकडून एक शब्द वाढवलेला नाही.

सोमवारपासून आठवड्याला चारशे. मावशींचं मशीन आता टेबलाला बोल्टने जखडलंय. त्या म्हणतात, "मी आता नुसती शिलाईवाली नाही, मशीनचा पार्ट आहे."

बाबांना सांगितलं, तुम्हीही दोन ओळी लिहा. नाही म्हणाले. पण कागद मागून घेतलाय आणि मला खोलीबाहेर काढलंय.

खारूताई


३ मे

प्रिय धाकट्या,

डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला हसायचं नाही.

स्प्रिंग उत्तम आहे. मुलगी तुझ्या वळणाची निघालीय, एखादी गोष्ट डोक्यात घेतली की सोडत नाही. मला तिचा फार अभिमान वाटतो. तुझाही तेव्हा वाटायचा. पोतं सांडलं त्या दिवशीही, तू मला अडाणी म्हणालास तिथपर्यंत.

आता इस्पितळ मूगही मागतंय. मूग गोल, घसरतो. गव्हाची झडप त्याला चालायची नाही. भोक किती ठेवायचं, स्प्रिंग तीच चालेल की दुसरी, हे मला पत्रात कळत नाही आणि तुला लिहून समजावता येत नाही. तेव्हा तू ये. डोळा दाखवून, डॉक्टरांना विचारून ये. सूनबाईंनाही घेऊन ये. स्टेशनवर मी येईन, चालत.

हा अर्धा कागद लिहायला मला पाऊण तास लागला. आता उत्तर पत्राने पाठवलंस तर बघ.

दादा